पाच उद्गार, एक प्रश्न आणि #एन/ए

एक्सेल २००३ मध्ये सेलच्या आत उमटणाऱ्या चुका सात: #डिव्ह/०!, #नल!, #नम!, #रेफ!, #व्हॅल्यू!, #नेम? आणि #एन/ए. दहावीच्या मराठीच्या पेपरात रसग्रहण आलं की कवी, विषय, आशय, आवडलेली ओळ अशा पायऱ्या चढाव्या लागत. इथे कवी अज्ञात आहे, विषय हिशेबाचा आहे, आणि सगळं काव्य सात शब्दांत आटोपतं. तरी कचेऱ्यांमधून या सात ओळी कुठल्याही कवितेहून जास्त वेळा वाचल्या गेल्या असतील, आणि बहुधा दात-ओठ खात. म्हणून एकदा त्या शांतपणे वाचाव्यात असं वाटलं.

आधी विरामचिन्हं पाहू. पाच चुकांपुढे उद्गारचिन्ह आहे, एकीपुढे प्रश्नचिन्ह, आणि #एन/ए पुढे काहीच नाही. ही विभागणी कोणी मुद्दाम केली असो वा नसो, अर्थाला ती चपखल बसते. #रेफ! किंवा #व्हॅल्यू! आली म्हणजे यंत्राने काम सुरू केलं आणि मध्येच ते ठेचकाळलं. #नेम? मात्र काम सुरू होण्याआधीचा प्रश्न आहे. तुम्ही लिहिलेला शब्द यंत्राच्या ओळखीचा नाही. फंक्शनच्या नावात एक अक्षर गळलं असेल, मजकुराभोवती अवतरणचिन्हं द्यायची राहिली असतील. जुन्या एक्सेलमध्ये तर शब्द अगदी बरोबर लिहूनही हा प्रश्न यायचा. महिन्याची अखेरची तारीख काढणारं ईओमंथ किंवा कामाचे दिवस मोजणारं नेटवर्कडेज २००३ च्या मूळ एक्सेलमध्ये नव्हतंच. ते अ‍ॅनालिसिस टूलपॅक नावाच्या जोडणीत होतं, आणि ती जोडणी अ‍ॅड-इन्सच्या यादीत टिक करून चालू करावी लागे. पुण्याहून पाठवलेली पगाराची शीट नाशिकला उघडली की रकानाभर #नेम? आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना फोनवर सांगत, ‘माझ्याकडे तर चालतंय.’ उद्गारचिन्हाने इथे कोणाला तरी दोषी ठरवलं असतं. प्रश्नचिन्ह फक्त एवढं सांगतं की या संगणकाला हा शब्द ठाऊक नाही. २००७ मध्ये ही फंक्शन्स मूळ एक्सेलमध्ये आली आणि तो वाद मिटला.

या चुकांचं खरं वेगळेपण मात्र त्या कुठे राहतात यात आहे. इतर सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली की एक चौकट येते, आपण न वाचता ‘ओके’ म्हणतो, चौकट जाते. स्प्रेडशीटमधली चूक सेलमध्येच मुक्काम करते. ती निरोप नाही, ती त्या सेलची किंमतच आहे, आणि पुढच्या गणितात ती भागही घेते. ही कल्पना एक्सेलहून जुनी आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या १९७९ च्या व्हिझिकॅल्कमध्येच ‘एरर’ आणि ‘एनए’ या दोन किमती होत्या. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ ने त्या ‘ईआरआर’ आणि ‘एनए’ म्हणून चालू ठेवल्या. एका सेलमध्ये चूक आली की तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक सेलमध्ये ती पोचते, तिथून वार्षिक गोषवाऱ्यात, तिथून साहेबांच्या टेबलावर. सुतक जसं नात्याच्या धाग्याने दूरच्या गावापर्यंत जातं पण भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याला शिवत नाही, तसंच हे. शेजारचा सेल शुद्ध राहतो आणि चार शीट पलीकडचा बाटतो. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने बेरजेच्या सेलकडे बघत बसण्यात अर्थ नसतो. उलट दिशेने, मूळ पुरुषापर्यंत चालत जायचं. २००३ च्या ‘फॉर्म्युला ऑडिटिंग’ टूलबारवर ‘ट्रेस एरर’ चं बटण होतं. ते दाबलं की हा वंशवृक्ष बाणांनी काढून मिळे.

सातांच्या यादीत नसलेली, पण लोक चूक समजतात ती म्हणजे ######. ‘हॅश हॅश आलंय’ म्हणून हाक मारणाऱ्याला कॉलम रुंद करायला सांगतात आणि विषय संपतो. पण त्या हॅशमागचा विवेक बघण्यासारखा आहे. मजकूर कॉलममध्ये मावला नाही आणि शेजारचा सेल भरलेला असेल तर एक्सेल तो सरळ कापून दाखवतं. ‘सदाशिव पेठ’ चं ‘सदाशिव’ झालं तर कोणाचं नुकसान होत नाही. आकड्याचा पूर्णांक भाग मात्र ते कधीच कापत नाही. १२,५०,००० चे १२,५० दिसले असते तर तेही एक सभ्य, विश्वासार्ह दिसणारं उत्तर झालं असतं. लोटस अशा जागी तारे छापत असे, एक्सेल हॅश छापतं. दोघांचंही म्हणणं एकच की अर्धा आकडा दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा. क्वचित कॉलम कितीही ताणला तरी हॅश जात नाहीत. तिथे बहुधा वेळेची वजाबाकी उणे आलेली असते, सकाळी नऊमधून दहा गेलेले असतात, आणि एक्सेलच्या १९०० पासून सुरू होणाऱ्या कालगणनेत उणे वेळेला जागा नाही.

#डिव्ह/०! सगळ्यांना कळते, तिच्यावर फार थांबत नाही. महिन्याच्या एक तारखेला सरासरीचा तक्ता उघडला की ती ओळीने उभी असते, कारण रिकामा सेल भागाकारात शून्य धरला जातो. विक्री अजून झालेली नाही, एवढंच ती सांगते. #नल! तर इतकी दुर्मीळ की तिची भेट अनेकांना टायपिंगच्या चुकीमुळेच होते. दोन सेलच्या मध्ये कोलनऐवजी मोकळी जागा पडली की एक्सेल त्या दोघांचा सामाईक भाग शोधू लागतं, आणि तो नसतो.

#नम! मधली मला आवडणारी गोष्ट आयआरआरमध्ये आहे. गुंतवणुकीचा परतावा काढणारं हे फंक्शन सूत्राने थेट उत्तर काढत नाही. आधी १० टक्के धरून बघतं, मग अंदाज सुधारत जातं. २० फेऱ्यांत उत्तर पुरेसं स्थिरावलं नाही तर थांबतं आणि #नम! लिहितं. त्याला जवळपासचा एक अंदाज दिला, म्हणजे ‘१० नव्हे, ३० टक्क्यांपासून शोध’ असं सांगितलं, की तेच फंक्शन तेच आकडे घेऊन पुष्कळदा उत्तर आणतं. २० व्या फेरीचा आकडा छापून मोकळं होणं त्याला सहज शक्य होतं.

#व्हॅल्यू! चं आपल्याकडचं उगमस्थान म्हणजे ‘५०००/-’. पावतीवर रकमेपुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ ओढायची आपली सवय रास्तच आहे, मागाहून कोणी शून्य वाढवू नये म्हणून. ती सवय सेलमध्ये आली की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. त्याला १२ ने गुणा, #व्हॅल्यू! येते. पण तोच कॉलम ‘सम’ ने बेरजेला घ्या. काहीच येत नाही! ‘सम’ आपल्या टापूतला मजकूर गुपचूप वगळतं आणि पाच हजारांनी कमी असलेली नीटनेटकी बेरीज समोर ठेवतं. एकाच दोषावर गुणाकार ओरडतो आणि बेरीज गप्प बसते. या दोघांत मला गुणाकार प्रामाणिक वाटतो.

#रेफ! ही सातांमधली एकमेव दुःखान्त ओळ. कोणीतरी ‘नको असलेला’ कॉलम उडवला, आणि त्या कॉलमकडे बोट दाखवणारे सगळे फॉर्म्युले आंधळे झाले. फॉर्म्युला उघडून बघा: बाकीचे पत्ते जागच्या जागी असतात, आणि गेलेल्याच्या जागी सूत्राच्या आतच #रेफ! लिहिलेलं असतं. तिथे पूर्वी कोण होतं याची नोंद एक्सेल ठेवत नाही. २००३ मध्ये ‘अन्डू’ च्या पायऱ्या १६ होत्या आणि फाइल सेव्ह केली की त्याही पुसल्या जात. त्यामुळे ‘घाबरू नको, आधी सेव्ह कर’ हा एरवी शहाणा सल्ला इथे घात करायचा. उपाय उलटा होता. सेव्ह न करता फाइल बंद करायची, सकाळपासूनचं काम घालवायचं आणि कॉलम वाचवायचा.

आता बिनचिन्हाची #एन/ए. हिला मी सर्वांत वरचा नंबर देईन. व्हीलुकअप मारला आणि यादीत नाव सापडलं नाही की ही येते. तिच्यात आरडाओरडा नाही, प्रश्नही नाही. शोधलं, मिळालं नाही, एवढंच. पण ‘मिळालं नाही’ च्या मागे कारणांची केवढी गर्दी असते! नावापुढे एक मोकळी जागा जास्त असते. किंवा ती जागा साधी नसतेच, वेब पानावरून उचललेली, १६० क्रमांकाच्या अक्षराची असते, आणि ‘ट्रिम’ तिला हात लावत नाही. एकीकडे खाते क्रमांक आकडा असतो, दुसरीकडे तोच मजकूर. फॉर्म्युला खाली ओढताना डॉलर लावायचा राहिलेला असतो, म्हणून ज्या तक्त्यात शोधायचं तो तक्ताच एकेक ओळ खाली सरकत जातो. वरची दहा उत्तरं बरोबर आणि मग #एन/ए ची रांग. मराठी कार्यालयांत आणखी एक कारण भेटतं. जुनी यादी श्रीलिपीत, नवी युनिकोडमध्ये. पडद्यावर दोन्हीकडे ‘कुलकर्णी’ दिसतात. फॉन्टचा पडदा बाजूला केला की जुन्या यादीत भलतीच चिन्हं बसलेली असतात. माणसाचा डोळा फसतो, यंत्राचा फसत नाही, आणि या एका प्रसंगात तरी यंत्राचं म्हणणंच खरं असतं.

याच व्हीलुकअपची दुसरी बाजूही पाहावी. त्यातलं चौथं पद, ते ‘फॉल्स’, लिहायचं राहिलं तर एक्सेल जवळपास जुळणारं उत्तर चालवून घेतं. यादी क्रमवार लावलेली नसेल तर ते भलत्याच माणसाचं निवृत्तिवेतन आत्मविश्वासाने आणून देतं. तिथे कुठलंही चिन्ह उमटत नाही. #एन/ए आली असती तर बरं झालं असतं.

काही लोक ही ओळ मुद्दाम लिहितातही. त्यासाठी एनए नावाचं फंक्शनच आहे. आलेखासाठीच्या तक्त्यात ज्या महिन्याची नोंद नाही तिथे फॉर्म्युल्याने रिकामा मजकूर ठेवला, तर रेषा शून्यावर आपटते. तिथे #एन/ए ठेवली की रेषा तो बिंदू टाळून पुढे जाते. एरर.टाइप हे फंक्शन चुकीचा प्रकार सांगतं, #नल! ला १ पासून #एन/ए ला ७ पर्यंत. त्याला एखादा निरोगी सेल दाखवून ‘यातली चूक कोणती’ विचारलं तर तेही उत्तर देतं, #एन/ए.

सेलबाहेरच्या, चौकटीतल्या निरोपांना ही सर नाही. त्यांच्यातला विनोदी नमुना सिल्कचा. सिल्क हा मल्टिप्लॅन या एक्सेलआधीच्या स्प्रेडशीटच्या काळातला फाइलचा प्रकार. तशी फाइल इंग्रजी ‘आयडी’ या दोन मोठ्या अक्षरांनी सुरू होते. पण पहिल्या कॉलमचं शीर्षक ‘आयडी’ असणारी साधी सीएसव्ही यादी तर कुठल्याही शाळेत, बँकेत, सोसायटीत सापडते. ती उघडली की एक्सेल गंभीरपणे कळवत असे की ही सिल्क फाइल आहे आणि ती नीट उघडता येत नाही. शीर्षकातलं पहिलं अक्षर लहान केलं की तक्रार खलास.

आणि जिथे ओळच उमटली नाही, ती घटना २०२० ची, इंग्लंडमधली. पब्लिक हेल्थ इंग्लंडकडे प्रयोगशाळांमधून येणारे कोरोना चाचण्यांचे अहवाल आपोआप जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ओतले जात होते. त्या प्रकारात ओळी ६५,५३६; नव्यात त्या १०,४८,५७६ आहेत. जुनी फाइल भरली आणि पुढच्या नोंदी बाहेरच राहिल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांत आले नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही लांबला. लांबलचक यादी हाताने उघडली तर ती पूर्ण आली नसल्याचं एक्सेल सांगतं. आपोआप चालणाऱ्या कामात तो निरोप वाचायला कोणी बसलेलं नसतं. सेलमध्ये मुक्काम करणाऱ्या चुकीचं मोल इथे कळतं.

तरीही या सात ओळी डोळ्यांसमोरून हटवण्याचे प्रयत्न पहिल्यापासून चालू आहेत. २००३ पर्यंत त्याला कष्ट पडत. ‘इझएरर’ ला ‘इफ’ मध्ये बसवायचं, आत अख्खा व्हीलुकअप दोनदा लिहायचा, आणि फंक्शनच्या पोटात फंक्शन सात थरांपलीकडे चालत नसे. चूक लपवायला इतकी मेहनत लागली की माणूस कधी कधी ती दुरुस्तच करायचा. २००७ मध्ये इफएरर आलं आणि काम एका शब्दाचं झालं. ‘इफएरर लावून टाक’ हे वाक्य मी ज्या सुरात ऐकलं आहे त्या सुरात लोक सतरंजी अंथरायला सांगतात. ते फंक्शन #एन/ए आणि #रेफ! यांत भेद करत नाही. न सापडलेलं नाव आणि उडवलेला कॉलम, दोन्हींवर तीच रिकामी जागा.

जुन्या एक्सेलने मात्र त्याला दाद दिली नाही. इफएरर लावलेली शीट एक्सएलएस करून २००३ वाल्या संगणकावर उघडली, तर आधी जुनी किंमत दिसत राहते, सगळं ठीक वाटतं. मग कोणीतरी त्या सेलमध्ये शिरून एंटर मारतं, आणि चूक झाकायला आणलेल्या त्या शब्दाकडे बघून २००३ विचारतं: #नेम?