भाजी अळणी आहे, हे आईला शेवटी का कळलं?

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधली ‘अळणी भाजी’ ही रात्र (या पुस्तकात प्रकरणांना रात्र म्हणतात) बहुतेक मराठी वाचकांच्या लक्षात असते ती वडिलांमुळे. आईने पाल्याची भाजी केली, मीठ घालायचं राहिलं. वडिलांनी पहिला घास घेतला आणि काही बोलले नाहीत, उलट भाजी छान झाल्याचंच दाखवलं. पानावर बसलेल्या मुलांनी त्यांच्याकडे पाहिलं, तीही गप्प राहिली. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर आई जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला तिला चूक कळली. तिला हळहळ वाटली, कुणी सांगितलं कसं नाही म्हणून तिने श्यामला विचारलंही. मग गोष्ट सांगणारा मोठा श्याम ऐकणाऱ्यांसमोर प्रश्न ठेवतो: दुसऱ्याचं मन दुखू नये म्हणून अळणी खाणारे वडील थोर, की आपली चूक मनाला लावून घेणारी आई थोर?

वर्गात हा पाठ आला की तास याच प्रश्नापाशी संपतो. दोघेही थोर, असं उत्तर फळ्यावर जातं, खाली संयम आणि दुसऱ्याच्या भावनांची कदर हे दोन मुद्दे येतात आणि स्वाध्याय सुरू होतो. मला या रात्रीतला वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि तो पुस्तकात कुणीच विचारलेला नाही. भाजी जिने केली तिलाच ती अळणी आहे हे सगळ्यात शेवटी का कळलं? कारण ती सगळ्यात शेवटी जेवली. ही गोष्ट घडू शकते ती घरातली बाई मागाहून जेवते म्हणूनच. ती सगळ्यांबरोबर बसली असती, तर वडिलांच्या मौनाला अर्थच उरला नसता. तिने तिथल्या तिथे मिठाचं भांडं ओढलं असतं आणि रात्र दोन वाक्यांत आटोपली असती. सातवी-आठवीच्या वर्गात हा प्रश्न टाकावा. मुलगे भाजीचा, मिठाचा, आईच्या घाईचा विचार करत राहतात. मुलींना फार वेळ लागत नाही.

साने गुरुजींनी पंक्तीच्या या क्रमावर एक शब्दही भाष्य केलेलं नाही. त्यांच्या दृष्टीने घर असंच चालतं. पण त्यांनी तो क्रम लपवलेलाही नाही. प्रसंग इतक्या नेमकेपणाने लिहिला आहे की भाष्याची जागा वाचणाऱ्यासाठी मोकळी राहते. कादंबरी म्हणून या पुस्तकाचं सामर्थ्य अशा जागांमध्ये आहे. वर्गात आपण मात्र ते बोधकथांचा संग्रह म्हणून उघडतो: रात्र कितवी, प्रसंग कोणता, शिकवण काय. शिकवण तर पुस्तकच सांगून मोकळं होतं, तिच्यासाठी शिक्षकाची गरज नाही. शिक्षक लागतो तो शिकवणीच्या आधी जे घडतं ते थांबून पाहायला लावण्यासाठी.

पुस्तकाचा जन्म सांगायचा तर तोही तारखांपुरता सांगू नये. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय’ दैनिक काढत. 1930 मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले. ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या चार-पाच दिवसांत लिहून झाला, पुस्तक 1935 साली आलं. म्हणजे घरापासून दूर आलेल्या मुलांमध्ये काही वर्षं काढलेला, आता वर्गही नसलेला मास्तर, 1917 मध्ये गेलेल्या आईबद्दल बोलतो आहे. पुस्तकाचा घाटही बोलण्याचाच आहे. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना रोज एक आठवण सांगतो, आणि छापील पुस्तकात अशा 42 रात्री आहेत.

वर्गात सगळ्यात आधी हरवतो तो हा घाट. पाठ्यपुस्तकात एखादी रात्र उचलून येते तेव्हा ऐकणारी मंडळी गळतात, उरतो लहान श्याम आणि त्याची आई. खरं तर या पुस्तकात श्याम दोन आहेत. एक चुका करतो, रुसतो, लपतो, खोटं बोलतो, पाहुण्याचे पैसे चोरतो. दुसरा या सगळ्याची कबुली देतो. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ या रात्रीत चोरणाऱ्या मुलाला पुस्तकं हवी आहेत, त्याला थोर व्हायचं आहे; त्या थोरपणाची घाई किती हास्यास्पद होती हे सांगणाऱ्याला कळतं, त्या मुलाला कळत नाही. या दोघांमधलं अंतर दाखवलं की निवेदक म्हणजे काय, हे व्याख्या न सांगता समजतं. शिवाय आदर्श मुलाच्या गोष्टी ऐकून कंटाळलेल्या पोरांना हा श्याम एकदम आपला वाटू लागतो. तो बऱ्यापैकी खोडकर आणि पुष्कळसा भित्रा आहे.

भित्रेपणाची रात्र म्हणजे ‘श्यामचे पोहणे’. कोकणात पावसाने विहिरी भरल्या की मुलं पोहायला शिकतात. श्याम घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारत विहिरीकडे पिटाळते. नंतर तो अंगावरचे वळ दाखवतो, तेव्हा तिच्याच डोळ्यांत पाणी येतं, ती वळांना तेल लावते आणि तुला लोकांनी भित्रा म्हटलेलं मला कसं चालेल, असं विचारते. इथे आजचा वर्ग थबकतो आणि थबकायलाच हवं. शारीरिक शिक्षा करायला कायद्याने बंदी असलेल्या शाळेत बसून, मारणाऱ्या आईची गोष्ट प्रेमाची गोष्ट म्हणून वाचायची कशी? काही शिक्षक मार गाळतात आणि तेल ठेवतात. मला ही लबाडी वाटते. मार आणि तेल लावणारा हात एकच आहे, म्हणून तर ही रात्र लिहिली गेली. आईचं चुकलं का, असं मुलांनी विचारलं तर विचारू द्यावं. आपली आई प्रश्नापलीकडची आहे असा दावा श्याम करतो. तो दावा मान्य करण्याची सक्ती वाचकावर नाही.

सक्ती येते ती बाहेरून. आचार्य अत्र्यांचा 1953 चा चित्रपट, त्याला मिळालेलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, वनमालाबाईंची ती आई, माधव वझे यांचा श्याम, आणि मग पिढ्यान् पिढ्यांच्या वक्तृत्व स्पर्धा. पुस्तक उघडण्याआधीच आई देव्हाऱ्यात जाऊन बसलेली असते. तिला तिथून खाली उतरवायचं तर तिच्यावर टीका करायची गरज नाही, पुस्तक सावकाश वाचलं तरी पुरतं. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला लुगडं पसरायला लावतो, तो प्रसंग घ्या. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनाला जप, हे आईचं सांगणं सगळ्यांना पाठ असतं. पण आधी पाहायचं ते हे की एक हट्टी पोर घराच्या दारात हुकूम सोडतं आहे आणि दमलेली बाई तो मानते आहे. तिने आधी लुगडं पसरलं, मग ती बोलली. उलट क्रमाने हे घडलं असतं तर ते भाषण झालं असतं.

सगळ्यात अवघड तास ‘देवाला सारी प्रिय’चा. महार समाजातल्या एका म्हातारीच्या डोक्यावरून मोळी खाली पडते, तिच्याने ती पुन्हा उचलवत नाही, आणि शिवायचं नाही म्हणून कुणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे. आणि मग घरी येऊन आंघोळ कर. पाठाचा सारांश लिहिताना हे शेवटचं वाक्य हमखास गळतं, कारण ते ठेवलं की आईची मूर्ती जरा तडकते. पण तेच वाक्य या रात्रीचा कणा आहे. आईला माणुसकी कळते आणि विटाळ मोडवत नाही. दोन्ही एकाच श्वासात. लोक हसतील म्हणून कचरणाऱ्या मुलाला तिने दिलेली ही आंघोळ म्हणजे पळवाट आहे, की आंघोळ हवीच असं ती स्वतःच मानते? यावर वर्गाने भांडावं. हे लिहिणाऱ्या माणसाने पुढे 1947 च्या मे महिन्यात, पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं, हेही सांगावं. आंघोळीची अट घालणारी आई आणि अटच मोडायला बसलेला मुलगा यांच्यामध्ये किती काळ आणि किती विचार गेला असेल, ते मग मुलांच्या लक्षात येतं.

एक गोष्ट मात्र शिक्षकाने आधीच मनाशी ठरवलेली बरी. ही रात्र श्यामच्या बाजूने सांगितलेली आहे, आणि वर्गात त्या म्हातारीच्या बाजूची मुलंही बसलेली असतात. त्यांच्याकडे पाहून, तुला काय वाटतं, असं विचारायचं नाही. विचारायचंच तर सगळ्यांना लिहायला सांगावं: मोळी डोक्यावर घेऊन घरी गेलेल्या म्हातारीने त्या संध्याकाळी घरच्यांना काय सांगितलं असेल? पुस्तकात ते नाही. लिहिताना काही मुलं तिला कृतज्ञ करतील, काही संतापलेली. दोन्ही वह्या मोठ्याने वाचाव्यात.

रचनेबद्दल एक निरीक्षण, जे सुटे धडे वाचून कधीच हाती लागत नाही. पूर्वार्धात बहुतेक रात्रींचा एक साचा आहे: श्याम चुकतो, आई सांगते, गोष्ट सुटते. ‘मुकी फुले’मध्ये आईने सांगितलं की उमलण्याआधी कळ्या तोडू नयेत, आणि प्रश्न मिटला. उत्तरार्धात चूक श्यामची राहत नाही. श्यामचं खोताचं घराणं कर्जात बुडतं. वसुलीला माणसं येतात, नको ते बोलतात, घरावर जप्ती येते. ‘तेल आहे तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’ ही नुसती नावं वाचली तरी हवा बदलल्याचं कळतं. आता आईजवळ सांगण्यासारखं काही उरत नाही. चांगलं वागून सावकार परत जात नाही. पूर्वार्धात ज्या शिकवणीवर घर चालत होतं ती उत्तरार्धात अपुरी पडते आणि तरीही आई ती सोडत नाही. तिच्या थोरपणाबद्दल काही म्हणायचं असेल तर मी इथे म्हणेन. संस्कारांचं पुस्तक म्हणून जे गौरवलं जातं, त्याचा अर्धा भाग संस्कारांनी न सुटणाऱ्या दारिद्र्याबद्दल आहे, ही गोष्ट आपल्या शाळांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. कर्जापायी घरात काय होतं हे मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या वर्गाला समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या मुलांनी या रात्री वाचल्या तर पुस्तक अचानक त्यांच्या गावचं होतं. शिवाय खोत म्हणजे इतरांकडून वसुली करणारा. आज दारात उभ्या राहिलेल्या वसुलीकडे त्या बाजूनेही पाहता येतं, आणि एखादं चलाख पोर ते पाहतंच.

शेवटच्या आजाराच्या रात्रींत निवेदनाची आणखी एक गंमत आहे. गंमत हा शब्द इथे विचित्र वाटेल, पण लिहिणाऱ्याच्या हिकमतीला मला दुसरा सुचत नाही. आई गेली तेव्हा श्याम तिथे नव्हता. शिक्षणासाठी तो दूर होता, पोहोचला तेव्हा सगळं संपलेलं होतं. म्हणजे तिची तळमळ, तिचं बोलणं, सेवेला आलेली मावशी, हे सारं त्याने पाहिलेलं नाही. ज्या रात्री सगळ्यात जास्त रडवतात त्या ऐकीव आहेत. ऐकलेल्या तुकड्यांतून त्याने ते दृश्य उभं केलं आहे, आणि तिथे नसल्याची बोचणी त्याला इतकं बारीक पाहायला लावते. हे तुला कसं ठाऊक, असा प्रश्न कुठल्याही कथेला विचारायला शिकवायचं असेल तर याहून चांगली जागा मला मराठीत माहीत नाही.

वाचायचं ते मोठ्याने. रात्री बहुतेक एका बैठकीत वाचून होण्याजोग्या आहेत, एका तासिकेत एक रात्र बसते आणि थोडा वेळ उरतोही. तो उरलेला वेळ श्यामच्या आश्रमातल्या मंडळींचा. मुलांनी मध्ये बोलावं, शंका काढाव्यात, पुस्तकातही ऐकणारे बोलतातच. सगळ्या 42 रात्री वर्गात व्हाव्यात असा आग्रह मी धरणार नाही. काही रात्री उपदेशाच्या ओझ्याने वाकलेल्या आहेत, काही ठिकाणी अश्रू प्रसंगाच्या आधीच येतात, आणि तेराव्या वर्षी माणूस अशा अश्रूंना हसतो. हसू द्यावं. ‘सोमवती अवस’सारख्या व्रतांच्या रात्री मी वर्गासाठी सोडून देईन. ‘अळणी भाजी’, पोहणं, मोळी, जप्ती आणि शेवटचा आजार या सोडणार नाही, आणि सुरुवात भाजीपासून करेन. घरी कोण आधी जेवतं, हे मुलांनी त्याच संध्याकाळी पाहून यावं.