पिरानेसीचा काळोख : स्वप्न की दुरुस्ती?

जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) याची ‘काल्पनिक तुरुंग’ ही मुद्राचित्रमाला म्हणजे तापाच्या भरात दिसलेली दुःस्वप्ने होत, असे मी पूर्वी एका लेखात लिहिले होते. ते विधान आज मागे घेतो आहे.

ही समजूत रुजवली टॉमस डी क्विन्सीने. अफूच्या व्यसनावरील १८२१ च्या आत्मकथनात तो वर्णन करतो : अर्ध्यावर तुटलेला जिना, त्यावर खुद्द पिरानेसी, त्याच्याही वर पुन्हा जिना, पुन्हा पिरानेसी. पण कोलरिजने केलेले वर्णन आठवून आपण लिहितो आहोत, हेही तो तिथेच सांगतो. मालेचे नावही तो ‘स्वप्ने’ असे देतो. या ऐकीव वर्णनावर टीकेची इमारत चढली. तिच्यात एक वीट माझीही.

दोन आवृत्त्यांच्या प्रतिमा शेजारी ठेवल्या तेव्हा माझा समज ढळला. १७५० च्या सुमाराच्या पहिल्या आवृत्तीत चौदा चित्रे आहेत. रेषा चपळ, कागदाचा पांढरेपणा भरपूर. १७६१ मध्ये पिरानेसीने तेच तांब्याचे पत्रे पुन्हा कोरायला घेतले आणि दोन नवी चित्रे जोडली. सातव्या चित्रात प्रचंड गोल बांधकामाला वेढणारा जिना आणि उचलता पूल आधीपासून होते. दुसऱ्या आवृत्तीत मागच्या मोकळ्या जागेतही तुळया आणि पूल आले. नजरेला बाहेर पडायला वाट उरली नाही.

आता कृती पाहा. पत्र्यावरच्या मेणकट थरातून सुईने रेघ ओढायची आणि ती आम्लाला खाऊ द्यायची. आम्ल जितका वेळ, रेघ तितकी खोल. तितकी शाई जास्त. म्हणजे हा काळोख वेळ मोजून आणलेला आहे. मधल्या काळात, १७५६ मध्ये, पिरानेसीने रोमच्या प्राचीन अवशेषांवरचे चार खंड प्रसिद्ध केले होते. दुसऱ्या आवृत्तीतल्या दगडांना जे वजन आहे, ते मला त्या अभ्यासातून आलेले वाटते.

मग भय कमी होते का? माझ्या मते वाढते. स्वप्नातून माणूस जागा तरी होतो. इथे चाळिशीतला एक कारागीर पूर्ण शुद्धीत आपल्याच तुरुंगात परततो आणि उजेडाच्या उरलेल्या फटी एकेक करून बुजवतो.