दुष्फेन पाण्याचा धडा आणि हिंगोलीचे पाणी

शालेय विज्ञानातील काही धडे असे आहेत की ते वडिलांनी शिकले, मुलाने शिकले आणि आता नातू शिकतो आहे. त्यांत फारसे काही बदललेले नाही. ‘दुष्फेन पाणी’ हा त्यांपैकी एक. कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पाण्यात विरघळले की साबणाचा फेस होत नाही, साका बसतो. क्षार बायकार्बोनेटचे असतील तर पाणी उकळून दुष्फेनता जाते, म्हणून ती अस्थायी. सल्फेट किंवा क्लोराइडचे असतील तर ती कायम. यात रसायनशास्त्राची ढोबळ चूक नाही. आक्षेप एवढाच की सेनगाव, कळमनुरी किंवा औंढा नागनाथच्या वर्गात हा धडा शिकवला जातो तेव्हा त्यातील पाणी त्या गावचे नसते.

प्रथम नावाविषयी. ज्याला फेस नीट येत नाही ते दुष्फेन. अ‍ॅबर्डीनचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास साबणाच्या द्रावणाने पाण्याचा कठीणपणा मोजण्याची रीत बसवून दिली, तेव्हा ही कसोटी रास्त होती. कारण धुण्यासाठी साबणच होता. आज घरोघरी धुण्याची पावडर आहे आणि ती बनवलीच आहे कठीण पाण्यातही फेस यावा म्हणून. शिक्षकाने साबणाऐवजी तीच पावडर घेऊन प्रयोग केला तर बोअरच्या पाण्यालाही भरपूर फेस येतो आणि मुले निमूटपणे वहीत पुस्तकातले उत्तर लिहितात. (लोक ‘जड पाणी’ म्हणतात, पण तो शब्द आपण अणुभट्टीतल्या ड्युटेरियमच्या पाण्याला देऊन बसलो आहोत!)

गावातील बायकांची कसोटी याहून पक्की आहे: या पाण्यात डाळ शिजत नाही. डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनच्या साखळ्या कॅल्शियममुळे एकमेकींना घट्ट बांधल्या जातात. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की पाणी अल्कधर्मी होते, पेक्टिन लवकर तुटते आणि डाळ मऊ होते. इतके चांगले रसायनशास्त्र स्वयंपाकघरात असताना धड्यात त्याला जागा का मिळू नये, हे मला कधी समजलेले नाही.

दुसरा मुद्दा उगमाचा. धड्यात पावसाचे पाणी कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडकातून झिरपते आणि दुष्फेन होते. हे वर्णन मुळात चुनखडकाच्या मुलखाचे. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा मुख्यतः बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसलेला आहे. मग येथील विहिरींत आणि बोअरमध्ये क्षार येतात कोठून? मातीतील मुळे व जिवाणू यांच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. तो घेतलेले पाणी खडकाच्या भेगांतून सावकाश सरकताना फेल्डस्पारमधील कॅल्शियम आणि पायरॉक्सीनमधील मॅग्नेशियम सोडवून घेते. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे ही त्याच कॅल्शियमची पुढची अवस्था. खडकाशी सहवास जितका दीर्घ, तितके क्षार अधिक. म्हणून पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाचे पाणी सामान्यतः खोल बोअरच्या पाण्यापेक्षा मृदू असते. एकाच घरात दोन्ही येत असतील तर त्या घरात दोन प्रकारचे पाणी आहे.

बेसाल्टमुळे आणखी एक गोष्ट घडते. या पाण्यात मॅग्नेशियमचा वाटा बराच असू शकतो. उकळल्यावर कॅल्शियम कार्बोनेट चटकन खाली बसते. मॅग्नेशियम तितक्या सहजी बसत नाही. तेव्हा ‘उकळल्याने अस्थायी दुष्फेनता नाहीशी होते’ हे वाक्य येथे अर्धेच खरे ठरते.

पण या धड्याचा सर्वांत मोठा दोष त्याच्या मौनात आहे. पाण्याच्या गुणवत्तेविषयी मुलाला शाळेत मिळालेली ठळक कल्पना दुष्फेनतेची. त्यामुळे क्षाराचे पाणी म्हणजे वाईट पाणी, असे समीकरण मनात बसते. वस्तुतः दुष्फेनतेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य पातळी आहे, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. नायट्रेटला मात्र ४५ मिलिग्रॅमच्या पुढे कसलीच सवलत नाही, कारण त्याने तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. शेतातील खत, उकिरडा आणि शोषखड्डा यांतून ते विहिरीत उतरते. त्याला चव नाही, रंग नाही, डाळही बिघडत नाही. आणि पाणी उकळले तर वाफ जाऊन त्याचे प्रमाण वाढते. जिवाणूंचेही तसेच: ते दिसत नाहीत, मात्र ते उकळण्याने मरतात, आणि नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असेल तर त्यांना आळा बसतो. टाकीत टीसीएल पावडर पडली की नाही, हा प्रश्न टीडीएसच्या आकड्याहून कितीतरी महत्त्वाचा आहे. टीडीएस मीटर फक्त पाण्याची विद्युतवाहकता पाहतो आणि तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जिवाणू त्याला कळत नाहीत. आकड्यात नायट्रेट किती, हेही नाही.

जलजीवन मिशनमध्ये (२०१९) गावातील महिलांना पाणी तपासण्याचे संच हाताळायला शिकवण्याची योजना आहे. गावात असा संच असेल तर तो एक दिवस शाळेत मागवावा. नळ, हातपंप, बोअर आणि आड यांचे पाणी मुलांनी आणावे. कठीणपणा, नायट्रेट आणि शिल्लक क्लोरीन तिन्ही पाहावे. शाळेत ईडीटीए असेल तर तेच पाणी उकळण्यापूर्वी आणि उकळून, गाळून, मूळ मापाइतके केल्यावर पुन्हा अनुमापन करावे. दोन आकड्यांतील फरक हीच आपल्या गावची अस्थायी दुष्फेनता.

त्याच दिवशी यंत्र विकणाऱ्यांचा खेळही करून दाखवावा. ते दोन ग्लासांत लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडतात. नळाचे पाणी विटकरी होते, यंत्राचे स्वच्छ राहते. तो गाळ पाण्यातला नसून कांड्यांच्या लोखंडाचा असतो. यंत्राच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही, इतकेच. त्या ‘शुद्ध’ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज सोडावी, तेही गढूळते. प्रयोग घरच्या विजेवर मुळीच करू नये. नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन खिळे पुरतात.