दोन ग्लास, एक बाटली : चवीच्या निवाड्याविषयी

मागच्या दोन व्याख्यानांत आपण रसिकता आणि अभिरुची या शब्दांभोवती बरंच फिरलो. त्यावर एका श्रोत्यांनी लिहून कळवलं, की गाण्याची आणि चित्रांची उदाहरणं पुष्कळ झाली, आता जिभेचं एखादं घ्या. आणि आंबा नको, जरा अडचणीचं घ्या. म्हणून आज व्हिस्की. आम्ही व्हिस्की पितो, थोडी पितो, आणि गेली तीसेक वर्षं एकीशेजारी दुसरी ठेवून पितो. ज्या राज्यात प्यायला परवाना लागतो आणि पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं, तिथं निवृत्त प्राध्यापकानं हे व्यासपीठावरून सांगावं का, हा प्रश्न रास्त आहे. पण तो नीतिशास्त्राचा. तो त्या विभागाकडे पाठवू. (हशा)

आपला प्रश्न असा : ‘ही व्हिस्की तिच्यापेक्षा चांगली’ असं आपण म्हणतो, तेव्हा व्हिस्कीबद्दल काही बोलतो की फक्त स्वतःबद्दल? कांटचं उत्तर सरळ आहे. १७९० च्या ‘निर्णयशक्तीच्या मीमांसे’त तो कॅनरी बेटांवरच्या वाइनचंच उदाहरण देतो. ती सुखद आहे, असं कुणी म्हटलं आणि दुसऱ्यानं त्याला सुधारलं, की ‘मला सुखद आहे’ असं म्हण, तर तो मुकाट्यानं मान्य करतो. सुंदर या शब्दाचं तसं नाही. म्हणजे चित्राबद्दल भांडा, पेयाबद्दल भांडू नका. आम्ही वर्गात हे वर्षानुवर्षं शिकवलं, आणि संध्याकाळी मित्रांशी पेयाबद्दल भांडलो. ही विसंगती कुठल्याच विद्यार्थ्यानं पकडली नाही, कारण संध्याकाळी ते नसायचे.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे येऊ. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे एक बेट आहे. इंग्रजी अक्षरं वाचून आपण त्याला ‘इस्ले’ म्हणतो, पण उच्चार ‘आयला’. मराठी माणसाला पहिल्या घोटानंतर हा उच्चार वेगळा शिकवावा लागत नाही. (हशा) तिथं पीट मिळतं, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि गवत. मोड आणलेले जव त्याच्या धुरावर वाळवतात, आणि तो धूर शेवटपर्यंत दारूत राहतो. किती राहतो हे फिनॉल नावाच्या संयुगांवरून मोजतात.

या बेटावरच्या दोन भट्ट्या घ्या. दक्षिण किनाऱ्यावरची लागाव्हुलिन, १८१६ ची. आणि पूर्वेला, समोर जुरा बेट दिसतं तिथली, कल ईला, १८४६ ची. आज दोन्हींची मालक कंपनी एकच. दोन्हींना जव येतात ते पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून, आणि धुराचं प्रमाणही साधारण तेच, दशलक्षात ३५ भाग. नेहमीच्या बाटल्यांची तीव्रताही तीच, ४३ टक्के. कागदावर या जुळ्या बहिणी आहेत.

आणि चव? कल ईलाची बारा वर्षांची घ्या. तिचा धूर पातळ, स्वच्छ. लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडल्यावर जो खारट-आंबट वास पहिल्यांदा येतो, तो त्या धुरामागं असतो. आणि जिभेवर तेलाचा हलका पदर. लागाव्हुलिनची सोळा वर्षांची जड. हुरडा खाऊन झाल्यावर आगटी विझत आलेली असते, कपड्यांना धूर लागलेला असतो, हाताला गुळाचा चिकटपणा असतो, तसं काहीतरी. मागं टिंक्चर आयोडीन. शेवट लांबच लांब.

हा फरक येतो कुठून? वयातून आणि पिंपातून काही येतो. पण बराचसा तांब्यातून येतो. कल ईलाची ऊर्ध्वपातनाची पात्रं मोठी आहेत आणि ती बरीच रिकामी ठेवून चालवतात. वाफेला तांबं जास्त भेटतं, जड घटक मागं राहतात. लागाव्हुलिनची पात्रं जवळजवळ काठोकाठ भरून सावकाश चालवतात. तांबं कमी भेटतं, जडपणा टिकतो. दशलक्षात ३५ हा आकडा यातलं काहीच सांगत नाही. तरी दुकानात उभा राहून ‘पीपीएम किती’ विचारणारा उत्साही तरुण आम्हाला दर वेळी भेटतो. आम्हीही तसेच होतो.

आपण हुरडा म्हटलं, लोणचं म्हटलं, त्याबद्दल दोन शब्द. व्हिस्कीवर लिहिणाऱ्या आपल्या लोकांच्या टिपणांत हेदर येतं, गूजबेरी येते. ज्यानं हेदर आयुष्यात हुंगलेलं नाही, तो ग्लासात हेदर सापडल्याचं लिहितो. हे चाखणं नाही, पाठांतर आहे. आपल्या नाकाला जे ठाऊक आहे त्याच्याशीच नवा वास जोडता येतो.

तर आम्ही लागाव्हुलिनचे अनेक वर्षांचे भक्त. कल ईला ही आमच्या मते ‘ठीक’. आमचे एक स्नेही रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. एका रविवारी दुपारी त्यांनी आमच्यासमोर तीन सारखे ग्लास ठेवले, तळाला चिकटपट्टीवर खुणा. म्हणाले, “सर, आज बाटल्या दाखवणार नाही. फक्त बोला.” आम्ही बोललो. पहिल्याला ‘गंभीर’ म्हटलं. दुसऱ्याला ‘उघडपणे कल ईला, चांगली पण उथळ’. तिसऱ्याला ‘लागाव्हुलिन, पहिलीपेक्षाही खोल, बहुधा जुनी बाटली’. त्यांनी ग्लास उलटे केले. पहिला कल ईला होता. दुसरा आणि तिसरा दोन्ही लागाव्हुलिन, आणि त्याही एकाच बाटलीतल्या.

खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत याला त्रिकोणी चाचणी म्हणतात : तीन नमुने, दोन सारखे, वेगळा ओळखा. आम्ही त्यात सपशेल नापास झालो. स्नेही भले, हसले नाहीत. त्यांनी फरसाण पुढं सरकवलं.

आम्हाला लाज वाटली. आणि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे ती ही लाज. ‘मला आवडलं’ एवढंच आम्ही म्हणत असतो, तर लाजायचं कारण काय? पोटात दुखतंय म्हणणाऱ्याला कुणी चूक ठरवू शकत नाही. आम्ही चूक ठरलो, याचा अर्थ आमच्या बोलण्यात चुकण्यासारखं काहीतरी होतं. ते स्वतःबद्दलचं विधान नव्हतं. कांटला इथं आम्ही सोडतो.

मग ह्यूम धरावा का? १७५७ च्या अभिरुचीवरच्या निबंधात तो ‘डॉन किहोटे’तली गोष्ट सांगतो. सांको पान्झाच्या घराण्यातले दोघे जण पिंपातली वाइन चाखतात. एक म्हणतो चांगली आहे, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणतो, चामड्याचा नव्हे, लोखंडाचा. सगळे हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याची दोरी बांधलेली जुनी किल्ली सापडते. गोष्ट फार गोड आहे, आणि व्हिस्कीच्या प्रत्येक मैफलीत कुणीतरी ती सांगतंच. पण नीट पाहा. किल्लीनं सिद्ध काय झालं? दोघांची नाकं तीक्ष्ण होती एवढंच. वाइन चांगली होती, हे किल्लीनं सिद्ध होत नाही. ओळखणं वेगळं, मोल ठरवणं वेगळं. आमच्या स्नेह्यांचं यंत्रही फिनॉल ओळखतं. यंत्राला आपण रसिक म्हणत नाही.

मोल ठरवण्याचा आज सगळ्यात चालणारा मार्ग म्हणजे गुण. मायकल जॅक्सन नावाच्या लेखकानं – नाचणारा नव्हे – १९८९ च्या आपल्या माल्ट-मार्गदर्शकात शंभरपैकी गुण दिले. पुढं जिम मरे यांनी आपल्या वार्षिक ‘व्हिस्की बायबल’मध्ये शंभराचे चार भाग केले : वासाला २५, चवीला २५, शेवटाला २५ आणि समतोलाला २५. इथं आम्हाला गिल्बर्ट राइल आठवतो. त्याच्या १९४९ च्या पुस्तकात एक परदेशी पाहुणा क्रिकेट बघायला येतो. गोलंदाज दिसला, फलंदाज दिसला, यष्टिरक्षक दिसला. आता विचारतो, संघभावना दाखवण्याचं काम कुणाकडे आहे? समतोलाला वेगळे २५ गुण देणं हे तसंच आहे. वास, चव आणि शेवट यांचं एकमेकांशी जे नातं, तोच समतोल. तो चौथा घटक म्हणून बेरजेत कसा येईल? आपल्याकडे मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वं सांगितली. दारूच्या ग्लासासाठी ती उसनी घेतोय, मर्ढेकरप्रेमींनी क्षमा करावी. पण लागाव्हुलिनमध्ये गोडी आणि आयोडीन यांचा विरोध आहे, आणि तो शेवटी धुरात मिटतो, असं म्हटलं तर ऐकणारा पुढच्या घोटात ते शोधू शकतो. ९५ म्हटलं तर काय शोधणार?

गुणांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीनं २००४ मध्ये आपला सिंगल माल्ट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवला. भारतीय व्हिस्की म्हणजे मळीची दारू, हा तिथला समज. आणि तो निराधार नव्हता. २०१० च्या ‘बायबल’मध्ये अमृत फ्यूजनला ९७ गुण आणि जगात तिसरा क्रमांक मिळाला, आणि लोक चाखायला तयार झाले. आकड्यानं दार उघडलं. आत काय आहे हे मात्र आकड्याला सांगता येत नाही.

वयाच्या आकड्याचं तर गणितच करू. पिंपातून दरवर्षी दारू उडते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडचे देवदूत मितभाषी आणि मितपायी, वर्षाला सुमारे २ टक्के. बंगळुरात १० टक्के किंवा जास्तच. शंभर लिटर भरले तर सोळा वर्षांनी स्कॉटलंडमध्ये ७२ लिटर उरतील, बंगळुरात साडेअठरा. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची भट्टी आहे, तिथंही उन्हाळा काही कमी नाही. लाकूड तिथं भराभर काम करतं. म्हणून आपल्याकडच्या बाटल्यांवर बहुधा वय लिहिलेलं नसतं. त्यावरून त्यांना कच्च्या समजणारे गृहस्थ आम्हाला पुण्यात भेटले आहेत, विमानतळावरून आणलेली बाटली मिरवताना.

आता थोडं वैयक्तिक. २०२१ च्या एप्रिलमध्ये आम्हाला कोविड झाला आणि नाक गेलं. जीभ होती. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते घशाच्या मागून नाकात जातं. लागाव्हुलिन म्हणजे किंचित गोड, जाळणारं पाणी झालं. कल ईलाही तेच. तीस वर्षांचा भेद पुसला गेला. स्नेही आले, त्यांनी स्वतः घोट घेतला आणि आम्हाला सांगत बसले : लिंबू आहे, धूर मागून येतोय. आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवला. पण माहिती मिळाली, चव मिळाली नाही. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून ‘चांगली आहे’ म्हणणं आमच्या तोंडून निघेना. हे कांटनं सांगितलंच होतं, की आस्वादाचा निवाडा ज्याचा त्यालाच करावा लागतो. मघाशी त्याला सोडलं ते जरा घाईनं.

डॉक्टरांनी चार बाटल्या दिल्या : गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. सकाळ-संध्याकाळ हुंगायचं, त्या वासाची आठवण काढत. तीन महिने काही नाही. मग लवंग आली, आधी जळक्या रबरासारखी, नंतर लवंगेसारखी. बाकीचे वास हळूहळू मागून आले. दिवाळीनंतर आम्ही लागाव्हुलिन ओतली, चमचाभर पाणी घातलं. पाण्यानं धुराचे रेणू पृष्ठभागाकडे सरकतात, असं स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं आहे. धूर आला, अर्धामुर्धा. आणि त्याच्यामागं स्पष्ट लवंग. तीस वर्षांत ती आम्हाला कधी लागली नव्हती. वाटलं, बाटल्या हुंगून हुंगून भास होतोय. स्नेह्यांना फोन केला. ते म्हणाले, “भास नाही सर. ओकच्या लाकडातून युजेनॉल येतं. लवंगेतही तेच असतं.”

म्हणजे किल्ली आमच्या पिंपात पहिल्यापासून होती. आम्ही तिच्यावरून सोळा वर्षं, ४३ टक्के आणि दशलक्षात ३५ वाचत गेलो.

एक चिठ्ठी आली आहे. ‘एवढं ऐकल्यावर, दोन्हींत चांगली कोणती?’ चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी दोन्ही चाखल्या असतील तर त्यांच्याशी भांडायला आम्ही तयार आहोत. आमचं मत लागाव्हुलिनकडे झुकतं, अजूनही, पण आता कल ईलाला उथळ म्हणत नाही. तिच्यात कमी गोष्टी आहेत आणि त्या मोकळ्या मांडलेल्या आहेत. उन्हाळ्यात ती बरी. त्या दुपारी तिला आम्ही ‘गंभीर’ म्हणालो होतो, तो शब्द अगदीच टाकाऊ नव्हता, असंही हल्ली वाटतं. दुसरी चिठ्ठी, ‘बर्फ घालावा का?’ गार केल्यावर वास कमी येतो. उकडत असेल तर घाला. सात वाजले, सभागृह रिकामं करून द्यायचं आहे.