पाळण्याजवळची भुते

आघात सोसलेल्या लहान मुलांवर त्यांच्या आईवडिलांसह एकत्र उपचार करण्याची एक पद्धत आज रूढ आहे. तिचे मूळ सेल्मा फ्रायबर्ग यांच्या ‘घोस्ट्स इन द नर्सरी’ या १९७५ सालच्या निबंधात सापडते. एडना अ‍ॅडेल्सन आणि व्हिव्हियन शापिरो या त्यांच्या सहलेखिका. निबंधाचा उल्लेख फार होतो, वाचन त्या मानाने कमी होत असावे. मला तर वाटते, त्याला त्याचे शीर्षकच भोवले.

निबंधातली मेरी साडेपाच महिन्यांची आहे. ती जीव तोडून रडते आणि आई शून्यात नजर लावून बसलेली. चित्रफीत पाहणाऱ्यांनाही ते सोसवत नाही. अशा वेळी कोणीही बाईला दोष देऊन मोकळे झाले असते. फ्रायबर्ग यांचा प्रश्न वेगळा आहे: या आईला रडणे ऐकू का येत नाही? हळूहळू उलगडते, की तिची आई बाळंतपणानंतर मनाने ढासळली होती, तिने जीव देण्याचाही प्रयत्न केला होता आणि ही मुलगी नातेवाइकांकडे वाढली. उपचारक तिच्या घरी जाऊ लागते. बाळाला कसे घ्यावे याचे धडे ती देत नाही; आईचे ऐकते. आपले जुने दुःख सांगताना आईला रडू फुटते आणि त्या रडण्यातच ती मेरीला उचलून छातीशी धरते. हा प्रसंग काहीही न सजवता थोडक्यात लिहिला आहे. कथालेखकांनीही तो वाचावा.

दुसरी आई, अ‍ॅनी, सोळा वर्षांची. सावत्र बापाने केलेली मारहाण तिला बारकाव्यांसह आठवते; त्या वेळी काय वाटले, ते मात्र आठवत नाही. माझ्या मते निबंधाचा खरा शोध इथे आहे. मार लक्षात राहणे वेगळे आणि वेदना लक्षात राहणे वेगळे. ज्याची वेदना हरवली, तो मारणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ मध्येच मनाच्या या चालीला नाव दिले होते. फ्रायबर्ग यांनी ती पाळण्याशेजारी दाखवली. ‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ हे वाक्य आपल्या लग्नाकार्यांत हसत हसत बोलले जाते. त्यातल्या हसण्याचा अर्थ मला अ‍ॅनीमुळे कळला.

आता शीर्षक. मराठीत ते जास्तच चपखल बसते, कारण आपल्याकडे होऊन गेलेला काळही भूतच. पण धोकाही तिथेच आहे. भगताच्या भाषेत ज्याला भूत लागते ते ‘झाड’, आणि भूत उतरवताना फटके बसतात ते झाडालाच. बालसंगोपनावरच्या पुष्कळ लोकप्रिय लेखनाने हेच केले: भुताचे नाव घ्यायचे आणि झोडपायचे आईला. निबंध याच्या नेमका उलट आहे. लहानपणी सोसलेले सगळेच पालक ते मुलांवर उलटवत नाहीत, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ते वाक्य मात्र फारसे कोणी सांगत नाही.

अ‍ॅलिशिया लिबरमन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत हे काम पुढे नेले. घरातली हिंसा पाहिलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या आणि त्यांच्या आयांच्या ७५ जोड्यांचा अभ्यास त्यांनी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. मूल खेळण्यांतून घडलेले मांडते, आई समोर असते आणि घरात न उच्चारलेली गोष्ट दोघांसमोर बोलली जाते. त्याच वर्षी त्यांनी भुतांच्या जोडीला ‘एंजल्स’ आणले: तुला लहानपणी कोणी जवळ घेतले होते, हेही पालकाला विचारायचे. शब्द मला जरा गोडगोड वाटतो. प्रश्न मात्र मोलाचा आहे, कारण त्यात आई प्रथमच आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर येते.

एक उणीव मात्र राहतेच. या साऱ्या लेखनात आईची खुर्ची पक्की आहे. वडील येतात, दारापाशी थोडा वेळ थांबतात. अ‍ॅनीच्या गोष्टीतला मारणारा हात तर पुरुषाचाच होता. त्या हाताचे बालपण विचारायला तिथे कोणी गेले नाही.