वाटेवरचे अन्न : मराठी प्रवासकथनांतील चिकाटीचा पुनर्विचार

खडतर प्रवासाच्या कथनांविषयी लिहिताना मराठी समीक्षा एका शब्दापाशी हटकून येऊन थांबते. तो शब्द म्हणजे चिकाटी. कधी तिला जिद्द म्हटले जाते, कधी धैर्य, कधी दुर्दम्य आशावाद. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ हे चार ग्रंथ काळाने, प्रकृतीने आणि लेखकांच्या सामाजिक स्थानाने एकमेकांपासून फार दूरचे आहेत. तरीही त्यांच्या गौरवासाठी वापरली जाणारी विशेषणे जवळपास तीच असतात. या एकरूपतेमुळे त्यांतील एक मूलभूत भेद झाकला जातो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. माणूस केवळ मनोबलावर चालत नाही; वाटेत कोणीतरी त्याला पाणी देते, शिधा देते, ओसरीवर पथारी पसरू देते. हे त्याला कोणत्या नात्याने मिळते, किंवा कोणत्या कारणाने नाकारले जाते, हा प्रश्न विचारला की चारही ग्रंथ निराळे दिसू लागतात.

आरंभ ‘माझा प्रवास’पासून करणे क्रमप्राप्त आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट घरचे कर्ज फेडावे या हेतूने १८५७ मध्ये आपल्या काकांसह उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, ही आशा होती. महूच्या आसपास असताना शिपायांकडून बंडाची वार्ता कळली. तरी हे दोघे मागे फिरले नाहीत. पुढे झाशीचा वेढा, शहर पडल्यानंतरची कत्तल, वारंवार झालेली लूट, कालपीच्या दिशेने पळ, आणि अखेर काशी-अयोध्येची यात्रा करून गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतणे, असा हा विलक्षण प्रवास आहे. तो लिहिला गेला पुष्कळ वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून. आणि वैद्यांनी तो १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, संस्कार करून प्रसिद्ध केला. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ १९६६ मध्ये उपलब्ध करून दिला. त्यामुळे गोडसे यांची स्वतःची वाक्यरचना आज आपल्यासमोर आहे.

या ग्रंथाची चर्चा बहुधा इतिहासाचे साधन म्हणून होते, आणि ती योग्यही आहे. परंतु कथन म्हणून पाहता त्याचे बळ त्यातील हिशेबी वृत्तीत आहे. दक्षिणा किती मिळाली, कोठे लपविली, कोणी लुटली, कोणाकडे भोजन झाले, याची नोंद भटजी कधी विसरत नाहीत. काहींना हा क्षुद्रपणा वाटतो. माझ्या मते हीच त्यांची प्रामाणिकता आहे. लुटले गेल्यावरही त्यांच्याजवळ एक गोष्ट उरते, जी गोऱ्या शिपायाला काढून घेता येत नाही : वेदविद्या आणि जात. त्या बळावर पुढल्या गावी एखादे दार उघडते, एखाद्या यजमानाकडे पान मांडले जाते. चिकाटी त्यांची आहेच. तिला पोसणारी व्यवस्था मात्र मराठी सत्तेच्या विस्ताराबरोबर उत्तरेत आधीच उभी राहिली होती.

कालपीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग मराठी वाचकाला परिचित आहे. पराभूत, तहानलेली राणी लक्ष्मीबाई विहिरीपाशी येते. गोडसे पाणी काढून देण्यास पुढे होतात. पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढावे हे तिला रुचत नाही, आणि ती स्वतःच्या हाताने पाणी काढून पिते. हा प्रसंग राणीच्या मोठेपणाचा म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. परंतु राज्य गेलेले, सैन्य पांगलेले, जीव मुठीत धरून दोन माणसे एका विहिरीवर भेटतात, आणि त्या क्षणीही कोणी कोणासाठी पाणी काढावे याचा क्रम अढळ राहतो, हेही येथे नोंदले गेले आहे. गोडसे यांनी त्यावर भाष्य केलेले नाही. त्यांना ते भाष्य करण्याजोगे वाटले नसावे. आजच्या वाचकाला मात्र या निर्विकार नोंदीतच ग्रंथाची खोली सापडते.

१८५७चा एक धागा ‘स्मृतिचित्रे’पर्यंत जातो, आणि तो अन्नपाण्याचाच आहे. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना त्या बंडानंतर फाशी झाली, आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांचे सोवळे विकोपाला गेले. घरातल्या मीठमसाल्यालाही शुद्धीचा धाक, अशा वातावरणात त्या वाढल्या. हे सारे त्या हसत हसत सांगतात. ज्या मुलीने सोवळ्याच्या अतिरेकात बालपण काढले, तिच्याच नवऱ्याने धर्म सोडला. आणि मग तिला ज्या वाटेने जावे लागले ती वाट मैलांत मोजण्याची नव्हती.

या वाटेचे एक टोक प्रस्तुत लेखक जेथे हे टिपण लिहीत आहे त्या भिलाईपासून रेल्वेने तासाभराच्या आत आहे. १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानाकडे निघाले असता आगगाडीत त्यांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली आणि त्याने त्यांना बायबल दिले. राजनांदगाव म्हटले की हिंदी वाचकाला मुक्तिबोध आठवतात. ते १९५८पासून तेथील दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक होते. मराठी वाचकाला टिळकांचा तो रेल्वेचा डबाही आठवावयास हरकत नाही. येथील विद्यार्थ्यांपुढे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे स्थान सांगितले की ग्रंथ एकदम जवळ येतो, असा अनुभव आहे.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये घेतला. या मधल्या पाच वर्षांत नातेवाइकांचा आश्रय, लहानग्या दत्तूची काळजी, लोकांची बोलणी असा प्रवास आहे. परंतु समीक्षेने ज्याकडे अधिक बारकाईने पाहावयास हवे ते निराळेच आहे. पतीजवळ राहावयास गेल्यावरही काही काळ त्यांनी आपली चूल आणि आपले सोवळे वेगळे ठेवले. पुढे एका टप्प्यावर त्यांच्या मनाने घेतले की हा भेद देवाने केलेला नाही, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्याचे ठरविले. हा निर्णय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. म्हणजे त्यांचा खरा प्रवास ताटापासून सुरू झाला आणि चर्चपर्यंत नंतर पोहोचला. टिळकांची धर्मजिज्ञासा वाचनातून, वादातून, स्वप्नांतून वाढत गेली, लक्ष्मीबाईंची स्वयंपाकघरातून. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले, आणि अखेरचा भाग त्यांच्या निधनानंतर पुत्र देवदत्त यांनी पुरा केला. त्या भागात माहिती भरपूर आहे, पण दुःखाला हसण्याच्या अंगाने वळविण्याची ती हातोटी तेथे उरत नाही. चिकाटी हा शब्द लक्ष्मीबाईंना लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्या स्वतः कोठेही चिकाटीचे वर्णन करीत नाहीत. फजितीचे करतात.

इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ हा लेख येथे थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. आळंदीहून पंढरीस जाणाऱ्या दिंडीत त्या चालल्या. वाट एक, अभंग एक, ऊन-पाऊस एक. पण एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठे यांचा स्वयंपाक आणि पंक्ती वेगळ्या. कर्वे यांना हे सलते, आणि त्या दोन्हींकडे जेवतात. समाजशास्त्रज्ञाच्या निरीक्षणाइतकीच ही एका चालणाऱ्या बाईची अस्वस्थता आहे. वारीविषयी मराठीत जे भारावलेले लेखन होते, त्याच्या शेजारी हा लेख ठेवला म्हणजे त्याचे मोल कळते.

परिक्रमेच्या वाङ्मयाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. नर्मदेचा उगम अमरकंटक येथे, छत्तीसगडच्या सीमेला लागून. नदी उजव्या हाताला ठेवावयाची, पात्र ओलांडावयाचे नाही, मिळेल त्या भिक्षेवर राहावयाचे, हे परिक्रमेचे नियम. गो. नी. दांडेकरांनी तिला कादंबरीचे रूप दिले, आणि पुढे ‘स्मरणगाथा’ या आत्मपर ग्रंथात स्वतःच्या भटक्या आयुष्याची कहाणी सांगितली. या दुसऱ्या ग्रंथास १९७६ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तेराव्या वर्षी घर सोडलेल्या या लेखकाला भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. म्हणूनच त्यांच्या लेखनात देणारा हात स्पष्ट दिसतो : त्याची बोली ऐकू येते, त्याचे दारिद्र्य कळते. घेणाऱ्याच्या तपश्चर्येपेक्षा देणाऱ्याचे औदार्य मोठे, हे दांडेकरांना ठाऊक आहे.

अलीकडील परिक्रमा-पुस्तकांविषयी मात्र इतके अनुकूल मत देता येत नाही. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या ग्रंथाला मोठा वाचकवर्ग लाभला, आणि त्यामागोमाग तशा पुस्तकांची रीघ लागली. त्यांतील बहुतेकांत काठावरचा माणूस हा मैयेचा निरोप्या होतो; योग्य वेळी दूध घेऊन येतो आणि अंतर्धान पावतो. शूलपाणीच्या झाडीत यात्रेकरूंना लुटणारे भिल्ल परंपरेने ‘मामा’ म्हणून ओळखले जातात, हेही कौतुकाने सांगितले जाते. परंतु सरदार सरोवराच्या जलाशयाखाली महाराष्ट्रातील ३३ गावांची जमीन आली, आणि त्याच झाडीतल्या माणसांना आपले बिऱ्हाड उचलून परमुलखात जावे लागले. तोही नर्मदाकाठचाच प्रवास. माझ्या वाचनातील परिक्रमा-पुस्तकांत त्याला क्वचितच एखाद्या ओळीपेक्षा अधिक जागा मिळाली आहे. स्वीकारलेल्या कष्टाचे वर्णन करणाऱ्याने लादलेल्या कष्टाकडे पाहिलेच पाहिजे, अशी सक्ती अर्थातच नाही. पण तो दिसलाच नाही तर त्या कथनाची नजर तोकडी ठरते.

दांडेकरांच्या कादंबरीचे शीर्षक येथे फार अर्थपूर्ण वाटते. ‘कुणा एकाची’. नाव, गाव, कुळ टाकून देता येणे ही परिक्रमावासीयाची साधना. ते टाकता यावयाचे तर आधी ते असावे लागते, आणि टाकल्यावरही काठावरच्या लोकांनी ‘मूर्ती’ म्हणून ओवाळून घ्यावे लागते. १९८० मध्ये आलेल्या ‘उपरा’च्या नायकाला ही सोय नाही. गाढवांच्या पाठीवर संसार लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाला वेशीबाहेर पाल ठोकताना पहिला प्रश्न जातीचाच येतो. परिक्रमावासी भिक्षा मागतो तेव्हा गाव पुण्य जोडते. टोपल्या-कणग्या विणणारा कैकाडी शिळा तुकडा मागतो तेव्हा गाव उपकार करते. मागण्याची क्रिया एकच. ‘उचल्या’मध्ये, १९८७ मध्ये, लक्ष्मण गायकवाड आणखी मागे नेतात : १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या आजोबांना रोज हजेरी द्यावी लागे आणि परवानगीवाचून परगावी जाता येत नसे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पोलिसांची नजर रद्द झाली नाही. जेथे चालणे हाच गुन्हा, तेथे प्रवासातील धैर्याची स्तुती करणे काहीसे विचित्र दिसते.

यावर असा आक्षेप संभवतो की हे साहित्याचे मूल्यमापन नसून समाजशास्त्र झाले. तो गंभीर आहे, आणि त्याला उत्तर गद्याच्या पातळीवरच द्यावयास हवे. गोडसे यांच्या गद्यात जेवण ही नोंद आहे, कारण ते मिळणार हे गृहीत आहे. न मिळाले तरच वाक्य लांबते. लक्ष्मीबाईंच्या गद्यात ते विनोदाचे आणि वेदनेचे निमित्त आहे. दांडेकरांच्या गद्यात तो प्रसाद होतो, म्हणून तेथे वाक्याला लय येते. ‘उपरा’त भूक ही प्रसंग म्हणून येतच नाही; ती हवामानासारखी सर्वत्र आहे, आणि तिच्यामुळे वाक्ये तुटक, घाईची, बोलीच्या अंगाने धावणारी होतात. या तुटकपणाला प्रारंभीच्या काही वाचकांनी अनलंकृतता म्हटले. तो रचनेचा भाग आहे, हे अन्नाच्या अंगाने वाचल्याशिवाय लक्षात येत नाही.

भिलाईत हे लिहिताना आणखी एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. १९५५च्या सोव्हिएत करारानंतर येथे पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशभरातून, त्यात विदर्भातूनही, माणसे आली. त्यांना पत्र, पगार आणि क्वार्टर मिळाले. नागपूर-रायपूर महामार्ग याच वसाहतीजवळून जातो. २०२०च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातून छत्तीसगड, झारखंड, ओडिशाकडे परतणारे मजूर त्या मार्गाने पायी गेले, तेव्हाही वृत्तपत्रांनी त्यांच्या जिद्दीचे कौतुक केले. त्यांच्यापैकी कोणी उद्या लिहिले तर त्या पुस्तकाच्या परीक्षणातही हाच शब्द येईल, अशी धास्ती वाटते.

‘माझा प्रवास’ संपतो तेव्हा वरसई आहे, वाट पाहणारे आईबाप आहेत, आणि त्यांना स्नान घालण्यासाठी गंगेचे पाणी आहे. गोडसे यांनी जवळजवळ सर्व द्रव्य गमावले, तरी त्यांचा ग्रंथ पूर्ण वर्तुळाचा आहे. ‘उपरा’त वर्तुळ नाही. पाल एका वेशीवरून उठते आणि दुसऱ्या वेशीवर पडते. त्यातून शिकून बाहेर पडलेला मुलगा गावात जात म्हणून परका, आणि जातीत शिकला म्हणून परका. बापाने हट्टाने त्याला शाळेत घातले, एवढीच त्या प्रवासातील एक सरळ रेषा.