फासा टाका, मातृभाषा मिळवा

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या भूमिका-खेळाचं २०२४चं प्लेयर्स हँडबुक उघडा. पात्राच्या भाषांचा तक्ता सापडेल. 'कॉमन' प्रत्येकाला येतेच. आणखी दोन भाषा आपल्या मनाने निवडायच्या, किंवा बारा बाजूंचा फासा टाकायचा. सात पडले तर महाकायांची भाषा, बारा पडले तर ऑर्कांची. पन्नास वर्षांच्या या खेळात तलवारीच्या वजनावर, चिलखताच्या जातींवर, मशाल किती वेळ जळते यावर पानंच्या पानं खर्ची पडली, आणि भाषेच्या वाट्याला आला एक तक्ता. एल्फांची भाषा येते की नाही? येते. झालं, पुढे चला.

या अनास्थेवर चिडणारे लोक आहेत, आणि माझं खरं भांडण त्यांच्याशीच आहे. कारण त्यांचा उपाय ठरलेला: शब्दकोश. अशा खेळांसाठी हौशी लेखकांच्या पुरवण्या हल्ली ढिगाने निघतात. शेवटी दहा-बारा पानांचं परिशिष्ट, त्यात 'चंद्र', 'रक्त', 'विश्वासघात' यांना प्रतिशब्द, दर तिसऱ्या शब्दात एक उपटसुंभ ऍपॉस्ट्रॉफी, आणि वाक्यरचना मात्र अस्सल इंग्रजी. आता तर यंत्राला सांगितलं की असा कोश मिनिटभरात हातात पडतो. त्यामुळे एक बरं झालं. या मेहनतीची किंमत किती होती, ते उघड्यावर आलं.

टोल्किनचं नाव पुढे करून हा माल खपवला जातो. पण टोल्किनच्या भाषा आधी जन्मल्या. फिनिश आणि वेल्श यांच्या नादाने वेडा झालेला तो माणूस, स्वतः रचलेल्या भाषा बोलायला कुणीतरी हवं म्हणून त्याने एल्फ जन्माला घातले. अनुकरण करणाऱ्यांनी त्याचा कोश घेतला, कान घेतला नाही. आणि मुख्य म्हणजे तो कादंबरी लिहीत होता. कादंबरीतली किंवा सिनेमातली भाषा ऐकायची असते. 'बाहुबली'तल्या कालकेयांची किलिकी थिएटरात अंगावर आली की तिचं काम झालं. खेळातली भाषा खेळाडूला काहीतरी करायला लावते की नाही, हाच प्रश्न. 'फार क्राय प्रायमल' या व्हिडिओ गेमसाठी अँड्र्यू आणि ब्रेना बर्ड यांनी आद्य-इंडो-युरोपीय भाषेवरून 'वेन्जा' घडवली. विद्वत्तेला मुजरा, पण खेळाडू खाली उपशीर्षकं वाचतो आणि भाला फेकतो.

'स्कायरिम'चा ड्रॅगनभाषेचा कोश लांबलचक. खेळणाऱ्यांना त्यातलं आठवतं काय? 'फस रो डा'. कारण ते तीन शब्द उच्चारले की समोरचा गडी उडून कड्याखाली जातो.

भाषेने खेळाडूला काहीतरी करायला लावायचं, याचा पहिला धडा एम. ए. आर. बार्करने १९७५ सालीच दिला होता. अमेरिकेतल्या क्लॅमथ भाषेचं व्याकरण आणि कोश, उर्दूची नि बलुचीची पाठ्यपुस्तकं अशी त्याची विद्यापीठातली कामगिरी, आणि दुसरीकडे टेकुमेल हे काल्पनिक जग. (टोपणनावाने त्याने नवनाझी कादंबरी लिहिली होती हे २०२२ साली जाहीर झालं, ते लपवून त्याची स्तुती करण्यात अर्थ नाही.) त्याच्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन'मध्ये तुमचं पात्र परदेशी रानटी. होडीतून जकाल्ला बंदरात उतरायचं, परक्यांच्या वस्तीत राहायचं. आणि तिथल्या त्सोल्यानी भाषेत समोरच्याला संबोधायला दर्जाप्रमाणे सर्वनामांची अख्खी उतरंड. तू, तुम्ही, आपण यांत वाढलेल्या आपल्याला यातली गोम समजावून सांगायला नको. पुजाऱ्याला चुकून गुलामाचं सर्वनाम लावलंत तर ती व्याकरणाची चूक राहत नाही, या राज्यात सुळावर देण्याची पद्धत आहे. इथे भाषा म्हणजे धोका. जगाची सगळी समाजरचना एका सर्वनामात दडलेली, आणि ती खेळाडूला चुका करतच शिकावी लागते.

दुसरा धडा १९८७च्या 'आर्स मॅजिका' या जादूगारांच्या खेळाचा, आणि माझ्या मते या क्षेत्रात त्याच्यापुढे अजून कुणी गेलेलं नाही. भाषा नवी नाहीच, मोडकीतोडकी लॅटिन. पाच क्रियापदं: क्रेओ, इंटेलेगो, मुटो, पेर्डो, रेगो. मी निर्मितो, जाणतो, बदलतो, नष्ट करतो, ताबा ठेवतो. त्यांना जोडायची दहा नामं, बहुतेक द्वितीयेत: इग्नेम, टेर्राम, हेर्बाम वगैरे. एक क्रियापद, एक नाम, झाला मंत्र. आता टेबलावर बघा. धान्याचं कोठार पेटलंय. तुमच्या जादूगाराचं पेर्डो कच्चं, म्हणजे 'पेर्डो इग्नेम' करून आग विझवणं दुरापास्त. रेगो मात्र पक्कं, आणि टेर्रामही बरं. खेळाडू डोकं खाजवतो, ओठांतल्या ओठांत क्रियापदं फिरवतो, आणि म्हणतो, 'रेगो टेर्राम! अंगणातली माती उचलून छपरावर टाकतो.' तो वाक्य जुळवत होता. दीडशे शब्दांचा कोश पाठ करूनही जे साधत नाही ते पंधरा शब्दांत साधलं, कारण व्याकरण हाच खेळाचा नियम.

'फायनल फॅन्टसी टेन'मधली अल भेद ही तर भाषाही नव्हे, निव्वळ अक्षरांची अदलाबदल. आपल्या पोरांच्या 'च'च्या भाषेची चुलत बहीण. पंडित नाक मुरडतात. पण सव्वीस पुस्तिका एकेक करून सापडत जातात, दरवेळी एक अक्षर उलगडतं, आणि मघापर्यंत गिचमिड बोलणारी माणसं हळूहळू समजू लागतात. परक्या मुलखात राहिल्याचा हा अनुभव कुठलं परिशिष्ट देतं?

चोरांची सांकेतिक बोली 'डी अँड डी'तही आहे, 'थीव्ह्ज कँट' नावाची. कॅरेक्टर शीटवर एक ओळ, बस्स. आपल्या व्यापाऱ्यांची नंदभाषा आठवा. केवली म्हणजे एक, पोकू चार, मुळू पाच. गिऱ्हाइकासमोर भाव लपवायचा एवढीच गरज, म्हणून मुख्य भरणा आकड्यांचा. चंद्राला प्रतिशब्द शोधत कुणी बसलं नाही. बोली अशी गरजेपुरती वाढते, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

ही गोष्ट ओळखली ती थॉर्नी गेम्सच्या हाकान सेयालिओलू आणि कॅथरिन हाइम्स यांनी. त्यांच्या 'डायलेक्ट'मध्ये (२०१८) छापील कोशच नाही. जगापासून तुटलेला एखादा गट, समजा मंगळावरची वसाहत, ठरवायचा. पत्ता टाकायचा, त्या गटाला ज्याची गरज पडेल असा शब्द मिळून घडवायचा, आणि लगेच तो वापरून संवाद करायचा. तीन-चार तासांत एक बोली उभी राहते आणि गटाबरोबर मरते. जेमतेम मूठभर शब्द. पण ते टेबलावरच्या माणसांचे. यावर आक्षेप ठरलेला: 'ही भाषा कुठे, ही तर चार शब्दांची गंमत.' मग चारशे शब्दांचा तुमचा कोश कुणी बोललंय का, ते सांगा. लेखक तरी बोललाय?

'जगाला खोली येते,' असंही सांगतात. कुणालाच उतरायचं नसेल तर ती खोली मोजायची कुणी? मराठी टेबलांवर एखादा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, ऐन वेळी बुटक्यांना कोल्हापुरी आणि एल्फांना सदाशिवपेठी बोलायला लावतो, तेव्हा कोण कुणाला तुच्छ लेखतो हे एका वाक्यात कळतं. यात आळस आहे, साचेबंदपणा आहे, हे मान्य. तरी ते परिशिष्टापेक्षा सरस, कारण खेळाडू त्याला उलट उत्तर देतात.

तेव्हा पुढची पुरवणी काढणाऱ्याला माझं आव्हान आहे. शब्द एकही देऊ नका, नियम एकच द्या. आपल्या 'म्हणे'सारखं काहीतरी, पण सक्तीचं: एल्फांशी बोलताना प्रत्येक क्रियापदाला शेपूट लावायचंच, स्वतः पाहिलं असेल तर एक, ऐकीव असेल तर दुसरं, आणि चुकीचं शेपूट एल्फांच्या कानाला तत्काळ खटकतं. मग दरबारात उभ्या असलेल्या चोराला राणी विचारू दे, 'राजपुत्राला कुणी मारलं?' आणि बघा टेबलावर किती जण तेव्हा फोन चाळत बसतात.